नाईल चढली, पण पेरायला माणूस नव्हता : फातिमी इजिप्तची सात वर्षं

माणदेशी_पांथस्थ | रवि, सकाळी १०:१२

कैरोत रोडा नावाचं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला जमिनीत खोल उतरणारी एक दगडी विहीर आहे. आपल्याकडच्या बारवांची आठवण यावी अशी, भिंतीला धरून पायऱ्या खाली जातात. मधोमध आठकोनी संगमरवरी खांब, आणि त्यावर हातांच्या खुणा. हात म्हणजे कोपरापासून बोटापर्यंतचं माप. अब्बासी खलिफा अल-मुतवक्किलच्या काळात, ८६१ साली, ती बांधली. नाईलचं पाणी बोगद्यांतून आत यायचं आणि पूर किती चढला ते खांबावर दिसायचं. आता बोगदे बंद, विहीर कोरडी. मी गेलो तेव्हा माझ्याशिवाय एक रखवालदार आणि दोन मांजरं एवढेच होते. माणदेशात वाढलेल्या माणसाला पाणी मोजण्यासाठी इतकी देखणी जागा बांधावी याचं अप्रूप वाटतं, आमच्याकडे पाणी मोजायची वेळच क्वचित यायची.

खांबावरचा १६ वा हात महत्त्वाचा. तिथं पाणी पोचलं की त्याला म्हणायचे 'सुलतानाचं पाणी', म्हणजे यंदा सारा वसूल करता येईल. कालवा फोडण्याचा सोहळा व्हायचा, खलिफा घोड्यावरून यायचा. त्याच्या खाली राहिलं तर शेतं कोरडी, १८-१९ च्या वर गेलं तर शेतं बुडालेली. पाऊस नावाचा प्रकार तिथं जवळजवळ नाहीच.

फातिमी या शिया खलिफांच्या घराण्यानं ९६९ मध्ये इजिप्त घेतलं तेच मुळी दुष्काळाच्या पाठीवर बसून. आधीची दोन-तीन वर्षं नाईल कमी चढली होती, रोगराई होती, जुनं सरकार मोडकळीला आलं होतं. सेनापती जौहर ट्युनिशियाकडून आला आणि फारशी लढाई न करता आत शिरला. चार वर्षांनी त्यांचा खलिफा अल-मुइझ स्वतः आला. त्यानं काढलेला एक हुकूम मला फार आवडतो. पाणी १६ हातांवर पोचल्याशिवाय रोजच्या पातळीची दवंडी पिटायची नाही! कारण आकडा दोन बोटं कमी ऐकू आला की भुसार व्यापारी माल दाबून ठेवत आणि पाणी कमी पडायच्या आधीच भाकरी महाग होई. दुष्काळ नदीत सुरू होत नाही, बाजारात सुरू होतो, हे या घराण्याला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

पुढच्या शंभर वर्षांत हे शहाणपण कसं गळत गेलं, ते सांगण्यासाठी हा धागा.

खलिफा अल-मुस्तनसिर १०३६ मध्ये गादीवर आला, सात वर्षांचं पोर. त्याच्या तरुणपणी नासिर खुस्रो हा फारसी प्रवासी कैरोत राहून गेला. तो लिहितो की शहरात २०,०००हून कमी दुकानं नसतील आणि सगळी सुलतानाच्या मालकीची. फुस्तातमध्ये (कैरोला लागूनचं जुनं शहर) सात-सात मजली घरं, एका माणसानं तर सातव्या मजल्यावर बाग केलेली आणि लहान असताना वर नेलेलं वासरू तिथंच मोठं होऊन रहाट ओढत होतं. हे १०५० च्या आसपासचं. पंधरा वर्षांनी याच शहरात कुत्री विकत घेऊन खात होते.

मधे काय झालं? सरकार दरवर्षी एक लाख दिनारांचं धान्य विकत घेऊन कोठारात भरत असे. अल-याझुरी नावाच्या हुशार वझिरानं खलिफाला पटवलं की हा धंदा आतबट्ट्याचा आहे. धान्याचा भाव पडतो, माल सडतो, पैसे अडकतात. त्यापेक्षा लाकूड, साबण, लोखंड, शिसं, मध असलं घ्या, ते टिकतं आणि नफा देतं. हिशेबात चूक काढता येणार नाही. आणि मग १०५२ च्या सुमारास नाईल कमी चढली. कोठारात पाहतात तो राजवाड्याच्या मुदपाकखान्यापुरतंच धान्य.

याझुरीचा मोठेपणा असा की त्यानं पुढच्या खेपेला चूक निस्तरली. सारा भरायला पैसा नाही म्हणून शेतकरी उभं पीक व्यापाऱ्यांना मातीमोल भावानं विकून मोकळे होत. (हे वाक्य कुठल्या देशातलं आणि कुठल्या शतकातलं, ओळखा.) याझुरीनं व्यापाऱ्यांच्या वह्या तपासायला लावल्या, त्यांनी दिलेली रक्कम आणि दिनारामागे एक-अष्टमांश दिनार नफा त्यांच्या हातावर ठेवला, वखारींना सरकारी मोहोर लावली आणि धान्य रोज ठरल्या मापानं राजधानीत आणलं. नवं पीक येईपर्यंत वीस महिने असं रेटलं. बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन नववा याच्याकडूनही ४ लाख इरदब (तिथलं धान्याचं माप) मागवायचं ठरलं होतं. पण १०५५ मध्ये तो वारला, गादीवर आलेल्या थिओडोराला बदल्यात लष्करी मदतीचं वचन हवं होतं, बोलणी फिसकटली.

१०५८ मध्ये याझुरीला फितुरीच्या आरोपाखाली ठार केलं. मग आठ-नऊ वर्षांत वझीर डझनांनी बदलले. इकडे सैन्यात तुर्क आणि सुदानी अशा दोन फळ्या, खलिफाची आई स्वतः सुदानी गुलाम म्हणून आलेली, तिचा हात सुदानी पलटणींवर. दोघांत रस्त्यावर लढाया झाल्या, तुर्क जिंकले. आणि १०६५ मध्ये नाईल पुन्हा कमी पडली.

ती सात वर्षं, १०६५ ते १०७२, अरबीत 'मुस्तनसिरची विपत्ती' म्हणून ओळखली जातात. अल-मक्रीझी हा पंधराव्या शतकातला इतिहासकार लिहितो की तुर्कांचा महिन्याचा पगार २८,००० दिनारांवरून ४ लाखांवर गेला. खजिना संपला तेव्हा त्यांनी राजवाडा लुटला. पगारापोटी दागिने, तंबू, शस्त्रं, आणि ग्रंथसंग्रहसुद्धा. एका वझिरानं थकलेल्या ५,००० दिनारांच्या बदल्यात २५ उंटांवर लादून पुस्तकं नेली, त्यांची किंमत एक लाख दिनार होती. उरलेल्या पुस्तकांच्या कातडी बांधणीच्या गुलामांनी चपला केल्या, पानांचे ढीग वाळूखाली गाडले जाऊन टेकड्या झाल्या.

९०० दिनारांचं घर पिठाच्या २० रत्तलांना गेलं. (रत्तल आपल्या आज्यांनाही ठाऊक होता, तो मूळचा हाच अरबी रतल.) माणसं माणसांना खाऊ लागल्याच्या नोंदी आहेत, त्या इथं उतरवत नाही. खलिफाच्या तबेल्यात दहा हजार जनावरं होती, तीन घोडे उरले. मिरवणुकीत तो एकटा घोड्यावर आणि बाकीचे पायी. छत्रधाऱ्यासाठी खेचर मागून आणावं लागलं.

आणि या सगळ्यात मक्रीझी एक साधं वाक्य टाकून जातो. नाईल चढत होती, उतरत होती, पण पेरायला कोणी सापडत नव्हतं.

माझा मुद्दा याच वाक्यावर उभा आहे. पाण्यानं पहिलं वर्ष मारलं असेल, पुढची वर्षं माणसांनी मारली.

---

झुळूक | रवि, १०:४०

वाचतेय. वासरू सातव्या मजल्यावर चढवलं इथंच अडकलेय अजून.

---

पाऊसवेडी | रवि, दुपारी १२:२५

सुंदर धागा. पावसाची बाजू थोडी भरून काढते.

नाईलच्या पुराचं बहुतेक पाणी निळ्या नाईलचं आणि अत्बारा नदीचं, म्हणजे इथिओपियाच्या डोंगराळ पठारावरचं. तिथं जून ते सप्टेंबर पाऊस पडतो आणि तो आपल्या मोसमी पावसाच्याच कुटुंबातला. प्रशांत महासागरात एल निनो असला की अनेकदा दोन्हीकडे ओढ बसते. १८७७ चं उदाहरण घ्या. दख्खनमधला १८७६-७८ चा दुष्काळ सगळ्यांना माहीत आहे. त्याच १८७७ मध्ये नाईलचा पूरही भयंकर कमी आला होता. १८९९ मध्ये पुन्हा तेच. म्हणजे कैरोचा रखवालदार खांब बघत होता तेव्हा नकळत आपलाही पाऊस मोजत होता.

अवांतर : मक्रीझीनं दुष्काळांवरचा ग्रंथ लिहिला १४०५ मध्ये, १४०३ ला नाईल कमी पडल्यानंतर. आपल्याकडे दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेनं १३९६ ते १४०७ असा सांगतात. दोन्हीचं कारण एकच असं मी म्हणत नाही, पण तारखा बघून अंगावर काटा आला.

---

शंकासुर | रवि, १२:५८

> पाण्यानं पहिलं वर्ष मारलं असेल, पुढची वर्षं माणसांनी मारली.

टाळीचं वाक्य आहे. पण साहेब, साक्षीदार कोण? मक्रीझी. तो ३३० वर्षांनंतर लिहितोय. तो स्वतः कैरोत मुहतसिब होता, म्हणजे बाजारावर देखरेख करणारा अधिकारी, आणि त्याच्या काळच्या मामलुक (गुलाम सैनिकांतून वर आलेल्या) राज्यकर्त्यांवर त्याचा राग होता. लाच देऊन पदं विकत घेणं, जमिनीचे वाढते खंड, तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट, हीच महागाईची कारणं असं त्याला सिद्ध करायचं होतं. मग जुन्या दुष्काळातही तो राज्यकारभाराचाच दोष शोधणार. आणि सात वर्षं म्हणजे बायबल-कुराणातल्या युसुफच्या गोष्टीतली इजिप्तच्या दुष्काळाची सात वर्षं. कथा आधीच शिवून ठेवलेली, माप नंतर घेतलं.

उलट बाजूला रॉनी एलेनब्लूम या जेरुसलेमच्या इतिहासकारानं मांडलंय की दहाव्या शतकाच्या मध्यापासून अकराव्याच्या उत्तरार्धापर्यंत नाईल वारंवार दगा देत होती आणि त्याच काळात इराण-इराककडे कडाक्याच्या थंडीनं पिकं जात होती. त्या थंडीनं तुर्की टोळ्या दक्षिणेला सरकल्या. म्हणजे सेल्जुक (इराण-इराक जिंकणारं तुर्की घराणं) आणि कैरोचा दुष्काळ ही एकाच हवामानाची दोन टोकं. तुमच्या धाग्यात हवामान नुसतं पार्श्वसंगीत वाजवतंय.

---

माणदेशी_पांथस्थ | रवि, १:३०

शंकासुर, मक्रीझीबद्दल मान्य. पण तो हवेतून लिहीत नव्हता, जुने ग्रंथ त्याच्यासमोर होते आणि त्यांतले बरेच आज आपल्याला मिळत नाहीत. शिवाय सात वर्षांची कथा रंगवायची तर 'सात वर्षं नाईल आटली' लिहिणं किती सोपं होतं! युसुफच्या साच्यात ते चपखल बसलं असतं. तो उलट लिहितो की पाणी येत होतं. साच्याविरुद्ध जाणारा तपशील मी जास्त विश्वासार्ह धरतो.

थंडीचं मी नाकारत नाही. पण १०५५ ला नाईल अशीच कमी पडली होती आणि राज्य वीस महिन्यांत सावरलं. तीच नदी, तोच खांब, फक्त याझुरी जिवंत होता.

---

पाटकरी | रवि, संध्याकाळी ७:०५

जलसंपदा खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

तुमची तुलना थोडी अन्यायाची आहे. एक वाईट वर्ष निभावणं आणि लागोपाठची वाईट वर्षं निभावणं यांत जमीन-अस्मानाचा फरक. हॅरॉल्ड हर्स्ट नावाच्या इंग्रज जलशास्त्रज्ञानं आयुष्य इजिप्तमध्ये घालवलं. अस्वानला किती पाणी साठवायला हवं हे काढण्यासाठी त्यानं याच रोडाच्या खांबाच्या शेकडो वर्षांच्या नोंदी घेतल्या आणि १९५१ मध्ये निष्कर्ष मांडला. नाणं उडवल्यासारखी वर्षं येत नाहीत. कमी पाण्याची वर्षं घोळक्यानं येतात, जास्तीची पण. नाणेफेक असती तर त्याचा घातांक ०.५ यायला हवा होता, आला ०.७ च्या वर. पुढे मँडेलब्रॉट या गणितज्ञानं याला नावच दिलं 'जोसेफ परिणाम'. जोसेफ म्हणजे तुमचा तो युसुफच. तेव्हा शंकासुर, शिवून ठेवलेली ती कथा बहुधा नदीच्याच अंगावर बेतलेली होती.

आता दुसरी बाजू, आणि इथं मी पांथस्थांच्या बाजूनं. नाईलचं पाणी आपोआप शेतात जात नव्हतं. पूर खोऱ्या-खोऱ्यांत अडवायचा, बांध घालायचे, चाळीसेक दिवस पाणी उभं ठेवायचं, मग पुढच्या खोऱ्यात सोडायचं. दरवर्षी कालव्यांतला गाळ काढायचा. माणसं मेली किंवा पळाली की एका हंगामात बांध फुटतात आणि कालवे भरतात. मग १८ हात पाणी आलं तरी उपयोग शून्य. आमच्याकडे पाटाच्या शेवटच्या गावाला पाणी का पोचत नाही याची चौकशी कितीदा केली. धरण भरलेलं असायचं!

---

झुळूक | रवि, ७:२०

पाटकरीकाका, +१. 'धरण भरलेलं असायचं' हे धाग्याचं उपशीर्षक होऊ शकेल.

---

माणदेशी_पांथस्थ | रवि, रात्री ९:४८

पाटकरी, घोळक्याचा मुद्दा मला माहीत नव्हता, आणि तो माझ्या मांडणीला तडा देतो हे कबूल. वर्षं घोळक्यानं येत असतील तर याझुरीनंतर जो कोणी वझीर असता त्याला जास्त अवघड पेपर आला असता.

पण बांधांबद्दल तुम्ही म्हणालात ते नेमकं घडलं होतं. नासिर अल-दौला हा तुर्की फौजेचा म्होरक्या. खलिफाशी बिनसल्यावर तो नाईलच्या मुखाकडच्या सुपीक मुलखात गेला, तिथल्या लवाता बर्बर टोळ्यांना हाताशी धरलं आणि कैरोकडे येणारं धान्यच तोडलं. लवातांच्या ताब्यात शेतं होती, पण बांध-कालव्यांकडे कोण बघणार? राजधानी उपाशी ठेवणं ही लढाईची चाल होती. याला दुष्काळ म्हणायचं की वेढा?

आणि शहरात धान्य अजिबात नव्हतं असंही नाही. मक्रीझीचीच गोष्ट. एका खानदानी बाईनं १,००० दिनारांचा हार देऊन पिठाची गोणी घेतली. घरी नेताना वाटेत गर्दीनं लुटली, तिच्या हाती मूठभर उरलं. तिनं त्याची एक पुरी एवढी भाकरी भाजली, राजवाड्याच्या दारात उंचावर उभी राहिली आणि ओरडली, 'कैरोकरांनो, आपल्या मुस्तनसिर महाराजांना दुवा द्या, त्यांच्या कृपेनं ही भाकरी मला हजार दिनारांना पडली!'

खलिफाला ते झोंबलं. त्यानं शहराच्या वालीला, म्हणजे मुख्य कारभाऱ्याला, दम भरला. वालीनं काय करावं? तुरुंगातून फाशीची शिक्षा झालेले कैदी काढले, त्यांना श्रीमंत व्यापाऱ्यांसारखे झगे-पागोटी घातली. मग शहरातले खरे भुसारवाले, गिरणीवाले, भटारी सगळे बोलावले. त्यांच्यादेखत एकेका 'व्यापाऱ्या'ला पुढे आणायचं, साठेबाजीबद्दल शिव्या द्यायच्या आणि मुंडकं उडवायचं. तिसऱ्यापर्यंत खऱ्यांची बोबडी वळली. म्हणाले, पुरे, धान्य काढतो, दिरहमला एक रत्तल भाकरी देतो. आणि वाली त्या अवस्थेतही घासाघीस करून दोन रत्तलांवर आणतो!

---

मधल्या_आळीतला | रवि, १०:१५

हे वाचून आपले दामाजीपंत आठवले. दुष्काळात मंगळवेढ्याचं बादशाही कोठार लोकांना उघडून दिलं आणि विठोबा महार होऊन बिदरला पैसे भरून आला. आपल्याकडे कोठार उघडायला संत लागतो, तिकडे जल्लाद.

---

शंकासुर | रवि, १०:२२

फरक असा की दामाजीपंतांच्या कोठारात धान्य होतं. :)

आणि वालीची गोष्ट खरी मानली तरी ती एकदाच चालते. दुसऱ्यांदा व्यापारी गावाबाहेर पेव खणून धान्य पुरतात.

---

खंबायती | सोम, सकाळी ८:५०

मी दाऊदी बोहरा, म्हणजे फातिमी खलिफांना इमाम मानणाऱ्या शिया पंथातला, जन्म-शिक्षण पुण्यात. मुस्तनसिर हे नाव आमच्याकडे आजही मुलांना ठेवतात, त्यामुळे हा धागा घरातल्या कोणाबद्दल वाचावा तसा वाचला. तुम्ही सगळ्यांनी त्याला फारच दुबळा रंगवलाय, पण ते असो.

एक गोष्ट राहून गेली. त्याच काळात कैरोत अल-मुअय्यद शिराझी हा धर्मप्रसाराचा प्रमुख होता आणि येमेनहून आलेला लमक बिन मालिक काही वर्षं त्याच्याजवळ शिकत होता, विपत्ती सुरू झाली तेव्हाही. आमच्या परंपरेप्रमाणे १०६७ मध्ये मौलाई अब्दुल्ला खंबायतच्या किनाऱ्याला उतरले. म्हणजे राजधानी भाकरीला महाग होती त्याच वर्षांत तिची माणसं येमेनमार्गे गुजरातपर्यंत पोचत होती. येमेनमधली सुलैही घराण्याची राणी अर्वा शेवटपर्यंत मुस्तनसिरशी एकनिष्ठ राहिली. साम्राज्य आकसलं, दावत (धर्मप्रसाराचं काम) आकसली नाही.

कैरोत अल-हाकिमची मशीद पडीक झाली होती, ती १९८० मध्ये सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन साहेबांच्या पुढाकारानं पुन्हा उभी राहिली. गेलात तर जरूर बघा, शेजारीच बद्र अल-जमालीचे दरवाजे आहेत.

---

पाऊसवेडी | सोम, ९:३०

खंबायती, वा! हे कुठेच वाचलं नव्हतं. आता हा बद्र कोण ते कोणीतरी सांगा, नाव दोनदा ऐकलं, ओळख झाली नाही.

---

माणदेशी_पांथस्थ | सोम, दुपारी १:४०

दुबळा म्हटल्याचं मनावर घेऊ नका, खंबायतीभाई. त्या अवस्थेत इतकी वर्षं टिकून राहणं हीही ताकदच. एका विद्वानाची मुलगी त्याला रोज जेवण पाठवायची, चटईवर बसून तेवढ्यावर दिवस काढत होता, तरी गादी सोडली नाही.

बद्र अल-जमाली हा अर्मेनियन, गुलाम म्हणून विकला गेलेला, वाढत वाढत सिरियात सुभेदार झाला. १०७३ मध्ये नासिर अल-दौलाचा त्याच्याच माणसांनी खून केला आणि खलिफानं गुपचूप बद्रला बोलावलं. बद्रनं अट घातली, माझी फौज मी आणणार. भर हिवाळ्यात, भूमध्य समुद्रात जहाजं घालायची नाहीत त्या दिवसांत, तो अक्का बंदरातून निघाला. १०७४ च्या सुरुवातीला कैरोत. तुर्की सरदारांना वाटलं हा आपल्यातलाच एक, मेजवान्या झाल्या, आणि एका रात्रीत सगळ्यांची मुंडकी उडाली.

त्यानंतर त्यानं जे केलं ते पाटकरींना आवडेल. लवातांना हुसकावलं, शेतकऱ्यांना तीन वर्षं सारा माफ केला, पळालेली माणसं परत आणली. मक्रीझी सांगतो की काही वर्षांत महसूल २८ लाखांवरून ३१ लाख दिनारांवर गेला. बाब अल-नस्र आणि बाब अल-फुतूह हे दरवाजे १०८७ चे, बाब झुवैला १०९२ चा. मधे ओस पडलेल्या वस्त्यांचे दगड-लाकूड नेऊन लोकांनी कैरोत घरं बांधली, बद्रनंच परवानगी दिली होती.

पण जे गेलं ते गेलं. सेल्जुकांच्या बाजूच्या अत्सिझ या तुर्की सरदारानं १०७३ मध्ये जेरुसलेम घेतलं होतं, १०७६ मध्ये दमास्कस. सिसिलीतलं पालेर्मो १०७२ मध्ये नॉर्मनांकडे. मक्केच्या शरीफानं (तिथल्या शासकानं) तर विपत्ती चालू असतानाच खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाच्या प्रवचनात, फातिमींचं नाव घेणं थांबवून बगदादच्या खलिफाचं घ्यायला सुरुवात केली, कारण इजिप्तमधून येणारं धान्य आणि पैसा थांबला होता. आणि यानंतर फातिमी खलिफा नावापुरता, सत्ता तलवारबहाद्दर वझिराकडे. ही व्यवस्था ११७१ पर्यंत चालली, आणि ती संपवणारा सलाहुद्दीन हा शेवटचा वझीरच होता.

---

शंकासुर | सोम, २:०५

म्हणजे फौजेनं राज्य बुडवलं आणि दुसऱ्या फौजेनं वाचवून स्वतःच्या खिशात घातलं. हवामानाबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण या महसुलाच्या आकड्यानं अडचण केलीय खरी. नाईल तीच, दहा-पंधरा वर्षांत सारा जास्त. हवामानवाल्यांना विचारायला हवं की १०७४ नंतर नदी एकदम शहाणी झाली का.

---

पाटकरी | सोम, संध्याकाळी ६:३०

झाली असेलही. घोळका संपतोच कधीतरी. पण गाळ नदी काढत नाही, तो काढायला माणूस लागतो, आणि तीन वर्षं सारा माफ केल्याशिवाय माणूस परत येत नाही.

---

झुळूक | सोम, ७:१५

आणि खलिफाचं पुढे काय झालं? त्या तीन घोड्यांचं पण सांगा.

---

माणदेशी_पांथस्थ | सोम, रात्री ९:१०

घोड्यांचं कोणी लिहिलेलं नाही. खलिफा पुढची वीस वर्षं राजवाड्यात बसून राहिला, बद्र राज्य करत राहिला. १०९४ मध्ये आधी बद्र गेला, काही महिन्यांनी मुस्तनसिर. लगेच बद्रच्या मुलानं गादीच्या वारसात ढवळाढवळ केली, थोरला निझार बाजूला, धाकटा मुस्तअली गादीवर. खंबायतींची परंपरा त्या धाकट्याकडून येते आणि आगाखानांची थोरल्याकडून, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे आणि तो खंबायतींनीच काढावा.